सेंद्रिय धान्य आणि भट्टीतले विष

सेंद्रिय गव्हाची पिशवी घरी आणली की आपली चिंता मिटली, असा समज आमच्याही मनात होता. शेताला रासायनिक खत नाही, फवारणी नाही. मग पावात विष यावे कोठून? परंतु वाचकहो, अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य शेतात नसतेच; ते भट्टीत जन्म घेते.

त्याचा शोधही विलक्षण रीतीने लागला. स्वीडनमध्ये हॉलंडसोस येथे रेल्वेचा बोगदा खणताना, १९९७ साली, गळती बुजविण्याच्या रसायनातून हे द्रव्य ओढ्यात उतरले. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचे रक्त तपासले, तुलनेसाठी इतरांचेही तपासले. तो बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा! २००२ साली उलगडा झाला, की ते भाजलेल्या-तळलेल्या पिष्टमय अन्नातून येते. प्राण्यांत त्याने कर्करोग होतो. माणसांविषयीचा पुरावा अद्याप निर्णायक नाही.

धान्यात अ‍ॅस्परॅजीन नावाचे अमिनो आम्ल मोकळे असते. उष्णता १२० अंशांपलीकडे गेली की शर्करेशी त्याचा संयोग होऊन हे द्रव्य बनते. नत्र अधिक घातले तर अ‍ॅस्परॅजीन वाढते. सेंद्रिय शेतात नत्र बेताचेच, म्हणून तेथील गव्हात ते पुष्कळदा कमी असते. हे श्रेय सेंद्रिय शेतकऱ्याला दिलेच पाहिजे. पण गंधकाचे काय? गंधक न मिळालेल्या गव्हाच्या पिठात तापविल्यावर हे द्रव्य कित्येक पट अधिक होते, असे इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखविले. पूर्वी तेथे कोळशाचा धूरच शेतांना गंधक पुरवी. हवा निर्मळ झाली आणि जमीन उपाशी राहिली! तेव्हा मातीची परीक्षा करून जिप्सम घालावे. युरोपच्या सेंद्रिय नियमांत नैसर्गिक जिप्समला मुभा आहे. बुरशीच्या रोगानेही अ‍ॅस्परॅजीन वाढते, सबब रोगाला दाद न देणारे वाण निवडणे बरे.

पुढचे काम पाववाल्याचे. कोंडा व अंकुर यांतच अ‍ॅस्परॅजीन अधिक, म्हणून सबंध गव्हाच्या पिठाला सावकाश आंबू द्यावे. खमीर त्यातले बरेचसे खाऊन टाकते. घाईने फुगविलेल्या पावाला ही सवलत नाही. युरोपात २०१८ पासून गव्हाच्या पावासाठी किलोमागे ५० मायक्रोग्रॅम हा मार्गदर्शक आकडा लागू आहे.

घरात मात्र रंग हीच कसोटी. पाव वा टोस्ट सोनेरी झाला की उतरवावा, काळसर कडा काढून टाकाव्यात. पेज, लापशी किंवा वाफेवरचे पदार्थ यांना ही धास्ती जवळजवळ नाहीच. तेथे उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहते.