‘छान झालंय’च्या पलीकडे : अ‍ॅनिमेशनचा पोर्टफोलिओ आणि सोबत्यांचा अभिप्राय

उसाच्या फडातून बिबट्या बाहेर येतो, बांधावर क्षणभर थबकतो, मान वळवून वस्तीकडे पाहतो आणि पुन्हा फडात दिसेनासा होतो. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातून पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकायला आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या पोर्टफोलिओसाठी असे बारा सेकंदांचे दृश्य निवडले, तर त्यात नवल ते काय? लहानपणापासून पाहिलेले आणि ऐकलेले जग तो पडद्यावर आणत असतो. महिनाभर खपून तो ते पूर्ण करतो आणि मित्रांना दाखवतो. ‘भारी झालंय’ असे सगळेच म्हणतात. मग तेच दृश्य एखाद्या स्टुडिओकडे जाते आणि तिकडून काहीच उत्तर येत नाही.

या मौनाइतके निरुपयोगी उत्तर दुसरे नाही. निवड करणाऱ्यासमोर अशा चित्रफितींचा ढीग असतो. पहिल्या काही सेकंदांत मन रमले नाही तर तो पुढच्या फितीकडे वळतो आणि कारण सांगायला थांबत नाही. म्हणूनच जे दोष तेथे मुकाट्याने मोजले जाणार, ते आधी आपल्याच माणसांकडून मोठ्याने ऐकून घेणे शहाणपणाचे. सोबत्यांचा अभिप्राय म्हणतात तो हाच. मात्र तो मिळवण्याचीही एक रीत आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

अर्धवट काम दाखवण्याची परंपरा

अ‍ॅनिमेशन ही एकट्याने कोपऱ्यात बसून करायची कला आहे, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती पहिल्यापासून एकमेकांना काम दाखवत वाढली. १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत पेन्सिलीने काढलेल्या कच्च्या चित्रांची फीत एका छोट्या, कोंदट खोलीत दाखवली जाई आणि तेथेच तिची चिरफाड होई. त्या खोलीला कलाकारांनी ‘स्वेटबॉक्स’, म्हणजे घाम काढणारी पेटी, असे नाव दिले होते. १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ याच घामातून निघाला. पुढे पिक्सार स्टुडिओने रोजच्या रोज अर्धवट काम सर्वांसमोर मांडण्याचा शिरस्ता पाडला. काम कच्चे असताना दाखवण्याची लाज एकदा गेली की माणूस मोकळेपणाने प्रयोग करू लागतो, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जुने आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि ती छोटीशी फीत दाखवून भांडवल उभे केले. आजच्या भाषेत तो त्यांचा पोर्टफोलिओच होता. १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ही त्यांनीच केली.

केव्हा दाखवावे?

बारा सेकंदांच्या दृश्यात, सेकंदाला २४ या हिशेबाने, २८८ चौकटी असतात. हाताने काढताना एक चित्र दोन चौकटी धरले तरी १४४ चित्रे होतात. एवढे सगळे झाल्यावर कोणी ‘बिबट्या थांबतो ते कळतच नाही’ असे म्हटले, तर दुरुस्तीची ताकद आणि इच्छा दोन्ही संपलेल्या असतात. म्हणून पहिला अभिप्राय अगदी आरंभी, पाच-सहा रेखाटने हातात असतानाच घ्यावा. तेव्हा एकच प्रश्न असतो : गोष्ट कळते का?

दुसरी वेळ ‘ब्लॉकिंग’ची. यात फक्त प्रमुख पवित्रे ठेवलेले असतात आणि पात्र एका पवित्र्यातून दुसऱ्यात उडी मारल्यासारखे जाते. येथे वेळेचे गणित आणि आकृतीची बाह्यरेषा तपासावी. पात्र पूर्ण काळे केले तरी ते काय करते आहे हे ओळखू येते का, ही जुनी आणि सोपी कसोटी आहे. तिसरी वेळ मधल्या चौकटी भरल्यानंतरची; तेथे वजन, वेग आणि शेपटीसारख्या मागाहून हालणाऱ्या अवयवांची चर्चा करावी. पहिल्या टप्प्यावर केसांच्या लकाकीबद्दल आणि शेवटच्या टप्प्यावर कथेबद्दल बोलणारा अभिप्राय कितीही खरा असला तरी अवेळीच ठरतो. तेव्हा दाखवताना ‘हे ब्लॉकिंग आहे, आज फक्त वेळेबद्दल सांगा’ असे स्पष्ट बजावावे.

कोणाला विचारावे?

तीन प्रकारची माणसे हवीत. पहिली, आपल्याच शाखेतले सोबती. खांद्याचा सांधा कोठे निखळला, पाऊल जमिनीवर कोठे घसरले, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी, विषय जाणणारी माणसे. येथे जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्याचे भाग्य मोठे आहे. शहरात बसून काढलेला बिबट्या बऱ्याचदा कुत्र्यासारखा चालतो. पहाटे पाणी धरायला जाताना ज्याने बिबट्या पाहिला आहे, त्या शेतकऱ्याला ‘काका, हा बिबट्या वाटतो का?’ एवढेच विचारावे. तो शरीरशास्त्राची भाषा बोलणार नाही, पण काहीतरी चुकते आहे हे त्याला लगेच कळेल. मग त्याचे कारण शोधणे आपले काम. मांजरकुळातल्या प्राण्याच्या खांद्याचे हाड छातीच्या सांगाड्याला घट्ट जखडलेले नसते. म्हणून चालताना भार पडलेल्या बाजूचा खांदा पाठीच्या रेषेवर उचललेला दिसतो. मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो. नख्या आत ओढलेल्या असल्याने ठशात त्या उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. ठसा पाहून ‘बिबट्या की कुत्रं’ हे सांगणारी माणसे या भागात गावोगाव भेटतात.

अभिनयासाठीही दूर जायला नको. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे जत्रेचे कारभारी तेथे येतात. विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) याच मातीतल्या. सोंगाड्या प्रेक्षकांसमोर रोज उभा राहतो. कोणती थांबण्याची जागा हशा आणते आणि कोणती वाया जाते, हे त्याला अंगाने ठाऊक असते. दोन चौकटी आधी की नंतर, हा अ‍ॅनिमेटरचा प्रश्न खरे तर त्याचाच प्रश्न आहे.

तिसरा, या कशाचीही माहिती नसलेला प्रेक्षक : शेजारच्या काकू, धाकटी बहीण. त्यांना चित्र कसे काढले ते ठाऊक नसते, म्हणूनच त्यांना काय दिसले हे मोलाचे ठरते.

कसे विचारावे?

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर ‘छान’ हेच येणार. दृश्य दोन-तीनदा दाखवावे आणि आपण गप्प बसावे. मग ‘काय घडलं?’, ‘त्याच्या मनात काय होतं?’, ‘कुठे गोंधळ उडाला?’ असे विचारावे. उत्तर मिळाल्यावर ‘नाही नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं’ असे समर्थन करू नये. पोर्टफोलिओ पाहणाऱ्याच्या शेजारी समर्थन करायला आपण बसलेले नसतो.

अभिप्राय देणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. चौकटीचा क्रमांक सांगावा, काय दिसले ते सांगावे आणि त्याचा परिणाम सांगावा. ‘चालण्यात जीव नाही’ यापेक्षा ‘चाळिसाव्या चौकटीला पाय टेकतो, पण धड खाली येत नाही, म्हणून तो हलका वाटतो’ हे उपयोगी पडते. दुखणे सांगावे, औषध सुचवले तरी ते घेण्याचा आग्रह धरू नये.

काय घ्यावे, काय सोडावे?

सगळ्यांचे सगळे ऐकले तर काम आपले राहत नाही. एकाच जागी तिघांपैकी दोघे अडखळले, तर तेथे दोष आहे असे धरावे. त्यांचे उपाय मात्र वेगळे असतील आणि तिसरा उपाय आपला असेल. सल्ला वहीत लिहून एक रात्र जाऊ द्यावी. दृश्य समूहाने केले असेल, तर त्यातले आपले काम कोणते, हे फितीसोबत प्रामाणिकपणे लिहावे.

काही अभिप्राय मात्र तंत्रापलीकडचे असतात. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. जेरबंद केलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात. अशा भागातल्या एखाद्या आईने आपल्या गोंडस, डोळे मिचकावणाऱ्या बिबट्याकडे पाहून ‘असा नसतो रे तो’ म्हटले, तर ती चौकटीची चूक दाखवत नसते. पात्र खरे आहे का, असे ती विचारत असते. आणि बिबट्याला निव्वळ राक्षस केला, तर उसात पिले वाढवणारे ते जनावर ओळखणारा दुसरा कोणी तेच विचारील.

या दोघांनाही पटेल असा, बांधावर क्षणभर थबकणारा बिबट्या काढता आला, तर ते बारा सेकंद मुंबईतल्या परीक्षकालाही थांबवतील. त्याने जुन्नर पाहिलेले नसेल. पण कोणीतरी नीट पाहिले आहे, हे त्याला कळेल.