आधी रस्ता, मग घर

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८९८ मध्ये, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाटी, अंधार आणि कोंदट हवा यांतून रोग पसरतो, अशी त्या काळची समजूत होती. उंदीर आणि पिसवांचा वाटा पुढे सिद्ध झाला. पण त्या अर्ध्यामुर्ध्या समजुतीतून एक फार चांगली पद्धत रुजली. मोकळ्या जमिनीवर वस्ती वसवायची असेल तर आधी रस्ते आखायचे, गटारं आणि पाण्याच्या वाहिन्या टाकायच्या आणि मगच भूखंड हाती द्यायचे. हा क्रम कधी पाळला गेला आणि कधी मोडला, यावरच महाराष्ट्रातल्या नव्या वसाहतींची गेल्या सव्वाशे वर्षांतली अवस्था ठरत आली आहे.

ट्रस्टने जुन्या शहरात सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढताना हजारो गरीब कुटुंबांची घरं पाडली, त्यांच्या पुनर्वसनाची गती मात्र कायम मागे राहिली. तो दोष मोठा आहे आणि तो झाकू नये. उत्तरेला दादर-माटुंग्यात मात्र त्याच ट्रस्टचं काम आजही डोळ्यांना सुखावतं. मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी मिळवलेल्या १०३ भूखंडांवर दादर पारसी कॉलनी उभी राहिली. सरळ रस्ते, मोकळी मैदानं, दुतर्फा झाडं आणि उंचीचं बंधन असलेल्या इमारती हे सगळं तिथे घरं बांधण्याआधीच ठरलेलं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की समोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीहून इमारत उंच नको. म्हणजे रस्त्याची रुंदी हा केवळ वाहतुकीचा प्रश्न राहिला नाही. तळमजल्यावरच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो की नाही, हेही त्या रुंदीवर ठरू लागलं.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. त्यातली ‘टीपी स्कीम’ ही कल्पना आजही दाद देण्याजोगी आहे. वेड्यावाकड्या शेतांचे मालक आपापल्या जमिनी एकत्र करतात, त्यांतून रस्ते, बागा आणि शाळेची जागा काढली जाते आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत प्रत्येकाला परत मिळते. सोयी झाल्याने जमिनीचा भाव वाढतो आणि त्या वाढीचा काही भाग खर्चासाठी वसूल होतो. वांद्रे-सांताक्रूझची उपनगरं अशाच योजनांतून आकाराला आली; बोरिवलीतल्या रस्त्याच्या नावात ‘टीपीएस’ ही अक्षरं अजून टिकून आहेत. राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातने ही वाट सोडली नाही. १९७६ चा स्वतःचा कायदा करून अहमदाबादने नव्या वस्त्या टीपी स्कीममधूनच वाढवल्या. महाराष्ट्राने १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ही तरतूद ठेवली, पण भर दिला विकास आराखड्यांवर. नकाशावर रस्ता दाखवायचा आणि जमीन पुढे कधीतरी ताब्यात घ्यायची, अशी रीत पडली. ही महागात पडलेली चूक होती.

सार्वजनिक संस्थेने जमीन आधी हाती घेतली, तिथे मात्र क्रम टिकला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत सेक्टर पाडले. वाशीची जमीन खाडीलगतची, सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जाणार नाही, हे गृहीत धरून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरती असेपर्यंत पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला दारं उघडली की बाहेर पडतं. ही सोय नंतर करायची म्हटली असती, तर एवढ्या मोठ्या तलावांना जागा कुठून आली असती?

घडी विस्कटली ती गुंठेवारीने. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई होती आणि १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने शहरातली कायदेशीर जमीन आणखी दुर्मीळ केली. गिरणीतला, कारखान्यातला, सरकारी कचेरीतला माणूस घर कुठे बांधणार? शहराच्या वेशीबाहेर शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. स्टँप पेपरवर साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र आणि चुन्याची फक्की मारून दाखवलेला ‘रस्ता’. विकणाऱ्याचं हित भूखंड जास्त काढण्यात होतं, त्यामुळे रस्ता बारीक होत गेला आणि मैदान नाहीसंच झालं. घेणाऱ्याला दोष देणं अन्यायाचं आहे. त्याच्या ऐपतीत बसणारं दुसरं काही शहराने त्याच्यापुढे ठेवलंच नव्हतं.

नागपूर हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. मध्य प्रांतात १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास जन्माला आला, मुंबईच्या ट्रस्टचाच धाकटा भाऊ. इतकी जुनी संस्था असूनही शहराभोवती शेकडो अनधिकृत ले-आउट पडले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे नागपूरकरांना पाठ आहेत. नियमित करायला घेतलेल्या ले-आउटचे ते दोन गट. विकासशुल्क भरायचं, ‘आरएल’ म्हणजे नियमितीकरणाचं पत्र मिळवायचं आणि मग रस्ता, गडरलाइन, पथदिवे यांची वाट पाहायची. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा वस्त्यांना राज्यभर वाट करून दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. माणसांना बेघर न करण्याचा हा निर्णय योग्यच होता. पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीखालचा उतार नियमित होत नाही.

हा उतार समजून घेण्यासारखा आहे. सांडपाणी पंपाशिवाय वाहायचं असेल तर वाहिनीत घाण साचू नये एवढा, साधारण सेकंदाला ०.६ मीटर, वेग लागतो. तो वेग मिळतो उतारातून. म्हणून वसाहतीच्या शेवटच्या घराच्या चेंबरची पातळी ठरवताना मुख्य वाहिनी किती खोल आहे हे माहीत असावं लागतं. पिण्याच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या वाहिनीपासून दूर आणि तिच्याहून वरच्या पातळीवर हवी, नाहीतर गळतीच्या दिवशी कावीळ घरात येते. विजेच्या आणि फोनच्या तारांना पदपथाखाली वेगळी जागा हवी. नऊ मीटरच्या रस्त्यात हे सारं बसवता येतं. साडेचार मीटरच्या बोळात, दोन्ही बाजूंना घरांचे ओटे पुढे आल्यावर, इंजिनिअर कितीही हुशार असला तरी जागा तयार करू शकत नाही.

वरच्या पातळीचीही हीच कथा. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवला की रस्ता जोत्याच्या वर जातो. सिमेंटच्या रस्त्यांनंतर ही तक्रार नागपुरात वस्तीवस्तीतून ऐकू येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नियोजित म्हणवणाऱ्या अंबाझरी आणि डागा ले-आउटमध्येही पाणी शिरलं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ५० मिलिमीटरचं माप सुचवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, तेव्हा त्या अहवालातली बरीच कामं कागदावरच होती.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता काही नव्या वसाहतीतला नव्हे, पण त्याची आठवण इथे हवीच. सत्तरच्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर खड्डा नव्हता. दर्जा लिहून देणारा आणि तो मागणारा, दोघे भेटले की काय घडतं ते पुणेकरांनी पाहिलं आहे. त्याच पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. इमारती आधी आल्या होत्या. मोठमोठ्या सोसायट्यांसमोर सकाळी टँकर उभे राहतात ते त्यामुळेच.

नियमांची वाण आज नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून सगळ्या राज्याला एकच विकास नियमावली लागू झाली. दीडशे मीटरपर्यंत लांबीच्या अंतर्गत रस्त्याला नऊ मीटर रुंदी आणि चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा ती मागते. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं सेवा-सुविधांमधल्या दोषाची जबाबदारीही विकासकावर असते. उणीव आहे ती तपासणीत. तात्पुरत्या मंजुरीवर भूखंड विकले जातात, अंतिम मंजुरी रेंगाळते आणि रस्ता सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावे राहतो. पुढे वारस उभे राहतात, महापालिका ‘खासगी रस्ता’ म्हणून हात वर करते आणि रहिवासी वर्गणी काढून मुरूम टाकतात. रस्ते, गटारं, पाणी जागेवर तपासून ताब्यात घेतल्याशिवाय एकाही भूखंडाचं खरेदीखत नोंदवू नये, एवढी एक अट शासनाने काटेकोर केली, तर यातली निम्मी दुःखं टळतील.

तोवर प्लॉट घेणाऱ्याने स्वतःच चौकशी करावी. ले-आउटची मंजुरी अंतिम आहे का, ते पाहावं. रस्त्याचा सातबारा कुणाच्या नावे आहे, ते तलाठ्याकडे बघावं. सांडपाणी कुठल्या मुख्य वाहिनीला जोडलं आहे, हे महापालिकेच्या ड्रेनेज विभागात विचारावं. एखाद्या मोठ्या पावसात त्या जागेवर एक फेरी मारावी आणि मगच इसार द्यावा.