पिपांवरची नाव आणि तिची तक्तपोशी

ज्यांच्या घराचा दरवाजा पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतो, त्यांना आजचा विषय निम्मा कळलेलाच आहे. राहिलेला निम्मा आम्ही अमेरिकेतील एका नावेच्या आधाराने सांगणार आहोत. तेथील मिनेसोटा राज्य सरोवरांनी भरलेले आहे. त्यातील रिचमंड गावच्या अँब्रोझ वीअर्स या गृहस्थाने 1952 च्या सुमारास पोलादी पिपे एकाला एक जोडून त्यांच्या दोन ओळी केल्या आणि वर लाकडी फळ्यांचा चौथरा ठोकला. पिपांवर तरंगण्याची कल्पना काही नवी नव्हती. 1874 साली कलकत्त्याला हुगळीवर बांधलेला पूलही तरंगताच होता. पण कुटुंबाने खुर्च्या टाकून बसावे, अशी ही अंगणासारखी सपाट नाव लोकांना फार आवडली. पुढे पोलादी पिपांच्या जागी अॅल्युमिनियमची लांब नळकांडी आली. वरचा चौथरा मात्र बहुतांशी लाकडाचाच राहिला, आणि नावेत आधी कुजतो तोही तोच.

या चौथऱ्याला डेक म्हणतात. आम्ही त्याला तक्तपोशी म्हणू. ती केवळ पाय ठेवण्यासाठी नसते. दोन नळकांड्यांवर अॅल्युमिनियमचे आडवे तीर असतात आणि तक्तपोशी त्या तिरांना बोल्टांनी आवळलेली असते. लाटेने एक नळकांडे पुढे व एक मागे ओढले जाते, तेव्हा सांगाडा तिरपा होऊ न देण्याचे काम हे सपाट तक्ते करतात. शिवाय कठडा आणि आसने त्यांनाच जखडलेली असतात. फळी आतून भुसभुशीत झाली, की बोल्ट दिसायला जागेवर असतो, पण त्याने धरलेले काही नसते. अशा कठड्याला टेकून एखादे मूल वाकले, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून वरचे गालिच्याचे कापड चांगले दिसते यावर विसंबू नये. कापड उचलून दाभणाने टोचून पाहावे. दाभण लोण्यात शिरल्यासारखे शिरले, तर ठिगळ लावण्याच्या भानगडीत न पडता सगळी तक्तपोशी बदलावी.

बदलायची तर कशाने? पहिला मोह स्वस्त प्लायवूडचा. घरातल्या कपाटाला चालणारे प्लाय पाण्याजवळ एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते, कारण त्याचा डिंक पाण्याला टिकणारा नसतो. आणि तक्ते स्वस्त मिळाले, तरी आसने, सुकाणूचे खांब, तारा, कठडे उतरवून पुन्हा चढवण्याचे कष्ट तेवढेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा असा.

दुसरे मरीन प्लाय. याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. मरीन म्हणजे न कुजणारे, असे लोक समजतात. अमेरिकन मरीन प्लायचा खरा गुण इतकाच, की त्याचा डिंक पाण्याने सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतात. लाकूड कुजायचे तसे कुजतेच. आपल्याकडे आय. एस. 710 या प्रमाणाच्या प्लायचा तुकडा 72 तास उकळून डिंकाची परीक्षा घेतात, आणि त्याला कीडबुरशीनाशक द्रव्यही मुरवलेले असते.

येथेच तिसरी गोष्ट येते, आणि ती फार महत्त्वाची आहे. अमेरिकेत कित्येक वर्षे क्रोमियम, तांबे व सोमल यांचे क्षार मुरवलेले लाकूड वापरीत. सोमलाच्या भीतीने 2003 च्या अखेरीस घरगुती कामासाठी ते बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या काही द्रव्यांत तांबे अधिक असते. ओल्या लाकडातून हे तांबे पाझरून अॅल्युमिनियमवर बसले, की दोन धातूंची जणू विजेची बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. लाकूड वाचवण्याच्या नादात नावेचे तीर गेले, तर मिळवले काय? म्हणून मुरवलेल्या द्रव्यात तांबे आहे काय, हे दुकानदाराला विचारावे. असल्यास तीर आणि फळी यांच्यामध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी. पितळी स्क्रू टाळावेत. स्टेनलेसचे आरपार बोल्ट उत्तम.

लाकूड व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या कुजत नाहीत, हे खरे. पण वजन पाहा. आठ फूट रुंद, चोवीस फूट लांब नावेला आठ बाय चारचे सहा तक्ते लागतात. पाऊण इंची प्लायचे वजन सगळे मिळून सुमारे 180 किलो. तितक्याच जाडीच्या भरीव मिश्र फळ्या जवळजवळ दुप्पट भरतात. म्हणजे दोन-अडीच माणसे चढण्यापूर्वीच चढली! शिवाय त्या उन्हात मऊ पडून तिरांच्या मधोमध झोळ धरतात. अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या हलक्या व टिकाऊ असतात, पण महाग, आणि दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहावा! आमचे मत विचाराल तर सामान्य कुटुंबाच्या नावेला चांगले मरीन प्लायच घ्यावे, मात्र ते नीट बंद करून.

नीट बंद करणे म्हणजे काय? लाकडातील ओल शेकडा वीसच्या खाली राहिली, तर कुजवणारी बुरशी धरत नाही. पाणी तक्त्याच्या पाठीपोटातून थोडे शिरते. कापलेल्या कडांतून आणि बोल्टांच्या भोकांतून भराभर शिरते, कारण तेथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. म्हणून भोके आधी पाडावीत, तक्ता कोरडा करावा, मग कडा व भोके इपॉक्सीने दोन-तीनदा माखावीत. वर गालिचा घातल्यास तो ओल धरून ठेवतो, व्हिनाइल बरे. सांधा नेहमी तिरावरच यावा, अधांतरी नको.

जुने तक्ते मात्र नवे बसेपर्यंत फेकू नयेत. खांबांची, तारांची, कठड्याची सगळी भोके त्यांच्यावर आयती आखलेली असतात.