भाद्रपद गेला, तरी कुत्री माजावर आली नाही?

खामगाव, चिखली, मलकापूरकडे आता लॅब्रॉडॉर आणि जर्मन शेफर्ड बंगल्यांत दिसतात, तसे मळ्यातही दिसतात. मादी वर्षाची झाली की मालकाचा जीव खालीवर होतो. काळजी खरी असते, पण हिशेब गाई-म्हशींचा असतो. कुत्रीचा हिशेब वेगळाच आहे.

सगळ्यांत जुना समज भाद्रपदाचा. मोकाट कुत्र्यांचा हंगाम बहुतेक पावसाळ्याच्या अखेरीस येतो आणि पिल्लं थंडीत दिसतात, म्हणून हा समज अगदीच निराधार नाही. घरात वाढलेली मादी मात्र चैत्रातही माजावर येते आणि पौषातही.

वयाचंही तसंच. पॉमेरेनियनसारख्या लहान जातीत पहिला माज साधारण 6 ते 10 महिन्यांत दिसतो. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड यांना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, तर ग्रेट डेनसारख्या थोराड जातीत दीड ते दोन वर्षंही लागतात. चौदा महिन्यांची लॅब माजावर आली नाही, तर तिच्यात काही खोट आहे असं समजू नका. दोन वर्षं उलटली, तर मात्र तपासणी हवीच.

कित्येकदा माज येऊन गेलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. पहिल्या वेळी रक्त कमी जातं आणि मादी ते चाटून साफ करते. तिच्या झोपायच्या जागी जुनं पांढरं धोतर अंथरा आणि रोज सकाळी बघा. योनीची सूजही बघा. शंका राहिलीच तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासता येतं. ते वाढलेलं असेल तर माज गेल्या दोनेक महिन्यांत होऊन गेला, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. दुसऱ्याकडून आणलेल्या मादीची नसबंदी आधीच झालेली नाही ना, हेही विचारा. अशक्तपणा आणि स्टेरॉइडची औषधं यांमुळेही माज लांबतो.

‘एक इंजेक्शन मारा, येईल माजावर’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनाने कुत्रीच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते आणि गर्भाशयात पू होऊ शकतो.

गाय माजावर दिसली की बारा तासांत भरवायची घाई असते. तीच घाई कुत्रीला लावली की गाडी चुकते. कुत्रीला आधी रक्त जातं आणि साधारण नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिका, पाणीदार होतो, पाठीवर हात ठेवला की ती शेपूट बाजूला घेते. खरा काळ तो. तरी प्रत्येक मादीचे दिवस वेगळे असतात, म्हणून नुसते दिवस मोजण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉनची तपासणी भरवशाची.

आणि पहिला माज म्हणजे क्रॉसिंगची परवानगी नव्हे. तेव्हा मादीची स्वतःची वाढच पुरी झालेली नसते. पैदास करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत: मादी 18 महिन्यांपेक्षा मोठी हवी, पशुवैद्यकाने ती निरोगी असल्याचं प्रमाणित केलेलं हवं आणि वर्षात एकच वेत घ्यायचं. ‘तब्येतीसाठी एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत’ याला आधार नाही. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्यावी.

अवघड प्रकरण असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आपल्याला जवळ आहे. माजानंतर महिना-दोन महिन्यांत मादी खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि उशीर झाला तर मादी दगावते.