खात्यातून पैसे वजा, नोटा मात्र यंत्रातच!
प्रतिनिधी

एटीएममध्ये कार्ड घातले, पिन दिला, खात्यातून १० हजार रुपये वजा झाल्याचा एसएमएसही आला. पण नोटा काही बाहेर आल्या नाहीत. शहरातल्या बहुतेकांनी हा प्रसंग स्वतः अनुभवलेला तरी असतो किंवा शेजाऱ्याकडून ऐकलेला तरी असतो. अशा वेळी सारा दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक नोट अडकणे, वीज जाणे, जोडणी तुटणे हे कधी ना कधी होणारच. प्रश्न असतो तो त्यानंतरचा. असे झाले तर कोणी काय करायचे, हे यंत्रणा आखणाऱ्यांनी आधीच कागदावर मांडले होते काय?

हा कागद म्हणजे कार्यपद्धतीची आकृती. बँका, विमा कंपन्या आणि सॉफ्टवेअर उद्योगात त्यासाठी 'बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन' अर्थात 'बीपीएमएन' ही चिन्हलिपी वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये निघाली, तर २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे वाटा फुटण्याची जागा, वर्तुळ म्हणजे घटना. चित्र सोपे दिसते. अडचण एवढीच, की बहुतेक कचेऱ्यांत सारे सुरळीत पार पडण्याचा मार्ग तेवढा मन लावून काढला जातो आणि चुकांसाठी कोपऱ्यात 'एरर' असा एक चौकोन ठोकून दिला जातो. साऱ्या वाटा तिथे जाऊन संपतात. ग्राहकाचे पैसेही बहुधा तिथेच अडकतात.

मुळात प्रत्येक नकार ही चूक नव्हे. खात्यात पुरेशी शिल्लक नसणे हे अपेक्षित उत्तर आहे. त्यासाठी शंकरपाळ्यातून दुसरी वाट काढली की पुरे. काम करताना त्यातच बिघाड झाला, तर त्या कामाच्या चौकटीच्या कडेवर दुहेरी वर्तुळ काढून आत विजेची नागमोडी खूण करतात. ते काम तिथेच थांबते आणि वर्तुळातून निघालेल्या बाणाने निस्तरण्याचे काम सुरू होते. उत्तरच आले नाही, तर घड्याळाची खूण असते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळेच बिघडते.

एटीएमच्या बाबतीत खरी मेख आणखी पुढे आहे. यंत्र एका बँकेचे आणि खाते दुसऱ्या बँकेचे, असे नेहमीच घडते. मागणी मधल्या स्विचमार्फत खात्याच्या बँकेकडे जाते, ती बँक रक्कम वजा करून मंजुरी धाडते आणि मग यंत्र नोटा मोजू लागते. आकृतीत या दोन बँका दोन स्वतंत्र पट्ट्यांत दाखवतात. नियम असा, की विजेची खूण आपल्या पट्ट्यापुरतीच चालते. एका बँकेतली चूक दुसरीच्या पट्ट्यात उडी मारू शकत नाही. तिथे निरोपच पाठवावा लागतो. नोटा न निघाल्यास यंत्राच्या बाजूने उलट नोंदीचा निरोप जायला हवा. तो वाटेतच हरवला तर? नोटा मिळाल्या की खात्याच्या बँकेला वेगळे काही कळवले जात नाही, अशी व्यवस्था सर्रास असते. साहजिकच निरोप न येणे म्हणजे व्यवहार यशस्वी, असाच तिचा समज होतो. बँकेच्या लेखी ग्राहक नोटा घेऊन घरी गेलेला असतो!

म्हणून उलट निरोप पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतात. पण तो दोनदा पोहोचून रक्कमही दोनदा जमा होऊ नये, यासाठी व्यवहार क्रमांक पडताळणे आलेच. एवढे करूनही निसटलेले व्यवहार ताळमेळात सापडतात. यंत्रातली रोकड मोजली, की न दिलेल्या नोटा जादा निघतात. हा ताळमेळ आकृतीत हवाच. तो कोणीतरी करीलच, असे गृहीत धरून चालत नाही.

रक्कम परत देण्यासाठी खूणही निराळी आहे. मागे तोंड केलेले दोन त्रिकोण, जणू जुन्या टेपरेकॉर्डरचे रिवाइंडचे बटण. 'रक्कम वजा करा' हे काम पूर्ण झालेले असते, ते अर्धवट थांबवता येत नाही. त्याची भरपाई करणारे दुसरे काम, म्हणजे 'रक्कम जमा करा', त्याला जोडावे लागते. झालेले पुसून न टाकता उलट नोंद करण्याची ही रीत हिशेबनिसांना नवी नाही. संगणकशास्त्रात हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये 'सागाज' या निबंधात हाच विचार मांडला. लांबलेला व्यवहार छोट्या पायऱ्यांत तोडायचा आणि प्रत्येक पायरीला तिची भरपाई जोडून ठेवायची.

उशिराला मर्यादा घातली ती रिझर्व्ह बँकेने. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून वजा झालेली पण एटीएममधून न मिळालेली रक्कम व्यवहारानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत आपोआप परत जमा करायची आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असे ठरले. तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. आकृती काढणाऱ्याला येथे घड्याळाचे वर्तुळ तुटक रेषेने काढावे लागते. तुटक रेषा म्हणजे मूळ काम न थांबवता दुसरे सुरू करणे. रक्कम परत करण्याची खटपट चालूच राहते आणि ५ दिवस उलटल्यावर दररोज १०० रुपयांची नोंद तिच्या बरोबरीने पडत जाते. हे वर्तुळ सलग रेषेने काढले, तर पहिले १०० रुपये जमा होताच मूळ १० हजारांचा शोध थांबेल.