हंटरवाली नादिया
तालमीच्या तांबड्या मातीविषयी आमच्या मुळशी खोऱ्यात जो आदर नांदतो, त्याच आदराने आज एका स्त्रीचे नाव घ्यावेसे वाटते : मेरी इव्हान्स ऊर्फ नादिया.

१९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली, फौजेत चाकरीस असलेल्या पित्यासमवेत बालवयातच हिंदुस्थानात आलेली, सरहद्द प्रांतात अश्वारोहण शिकलेली आणि पुढे नृत्यपथक व सर्कस यांतून देह कमावलेली ही तरुणी परळच्या वाडिया मूव्हीटोन या चित्रपटसंस्थेत दाखल झाली, आणि १९३५ साली दिग्दर्शक होमी वाडियांच्या ‘हंटरवाली’त मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन अवतरताच प्रेक्षक थक्क झाले. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) धावत्या आगगाडीच्या टपावर ती झुंजली, साहसदृश्ये ती स्वतःच करी, आणि धडधाकट पुरुषास खांद्यावर उचलून घेणे हा तर तिच्या हातचा मळ! माझ्या मते ‘डायमंड क्वीन’ (१९४०) अधिक मोलाचा, कारण तेथे त्या बाहुबलास स्त्रीस्वातंत्र्याच्या निःसंदिग्ध उच्चाराची जोड लाभली.

१९६१ साली ती होमी वाडियांशी विवाहबद्ध झाली. आणि १९६८ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ‘खिलाडी’ चित्रपटात पुन्हा पडद्यावर आली.