इव्ह्रेआची पाटी आणि आजोबांचा दिवा

इटलीच्या उत्तरेस, तूरिन शहराजवळ, इव्ह्रेआ नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९०८ सालीं कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनीं तेथें टंकलेखन-यंत्रांचा कारखाना काढला, आणि पुढें तें नांव जगभर झालें. त्याच गांवीं २००१ सालीं एक आगळी शिक्षणसंस्था निघाली. माणूस आणि यंत्र यांच्यामधील देवाणघेवाणीस रूप कसें द्यावें, हा तिचा अभ्यासविषय. ह्या विद्येस इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. आपण तिला तूर्त संवाद-रचना म्हणूं. संस्था अवघीं चार-पांच वर्षें त्या गांवीं नांदली. परंतु तिच्यांतून जी वस्तु बाहेर पडली तिचें नांव आमच्या वाचकांच्या घरांतील शाळकरी मुलांच्याही तोंडीं असेल. ती वस्तु म्हणजे आर्डुइनो.

ही विद्या हवी कशाला, असें कोणी विचारील. न्यूयॉर्क विद्यापीठांत डॅन ओ'सुलिव्हन व टॉम आयगो हे हाच विषय हातकामानें शिकवीत. २००४ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं मोठा मार्मिक प्रश्न केला आहे: संगणकास आपण कसे दिसत असूं? उत्तर असें, कीं एक बोट, एक डोळा आणि दोन कान! कळ दाबावयास बोट, पडदा पाहावयास डोळा, नाद ऐकावयास कान. याहून आपल्या देहाशीं त्या बिचाऱ्याचें कामच पडत नाहीं. आपण चालतों, वांकतों, दचकतों, हें त्याच्या गांवींही नाहीं. तें त्यास कळवावयाचें तर उजेड, स्पर्श, अंतर मोजणारे लहान लहान भाग त्यास जोडावे लागतात. पण हें काम करूं इच्छिणारे बहुधा चित्रकार, शिक्षक, नाटकवाले. त्यांना आधीं वीजशास्त्राची पदवी घेऊन या, असें सांगून कसें चालावें? म्हणून विद्यापीठांतून ह्या विषयाच्या दोन दिवसांच्या, आठवड्याच्या कार्यशाळा भरतात. तेथें पहिल्या तासालाच तार हातीं देतात, सिद्धान्त मागाहून.

इव्ह्रेआस अडचण होती ती पैशाची. त्या वेळीं वापरांत असलेलें साधन विद्यार्थ्यांस फार महाग पडे. तेव्हां कोलंबियाचा विद्यार्थी एर्नान्दो बारागान यानें आपल्या प्रबंधासाठीं वायरिंग नांवाचें सोपें साधन रचिलें. २००५ सालीं त्याचे एक मार्गदर्शक मास्सिमो बांझी यांनीं, दाविद क्वार्तिएल्येस, डेव्हिड मेलिस आदि मंडळींसह, त्याच पायावर अधिक स्वस्त पाटी उभी केली. नांव घेतलें गांवांतील एका मद्यगृहावरून, आणि त्या मद्यगृहाचें नांव १००२ सालीं इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनवरून! संस्था मोडण्याच्या बेतांत होती. तिच्याबरोबर आपलें कामही बुडूं नये म्हणून सर्व आराखडे जगास मोकळे करण्यांत आले. आरंभींच विद्यार्थ्यांस कोऱ्या पाट्या वाटून, भाग तुम्हीच जोडा, असें सांगितलें. त्यांतून जीं कामें निघालीं त्यांत छताला टांगलेलें एक गजराचें घड्याळ होतें. झोपाळूनें गजर थांबविला कीं तें थोडें वर चढे. अखेर अंथरुणांतून उठल्यावांचून हात पोंचत नसे. आमच्या घरांत दोन-तीन खोल्यांतून तें टांगण्याजोगें आहे.

बारागान यानें २०१६ सालीं सविस्तर लेख लिहून, आपल्या श्रमाचें श्रेय आपणांस पुरतें मिळालें नाहीं, अशी खंत मांडली. गुरूच्या कीर्तींत शिष्याचा प्रबंध झांकला जावा, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

महाराष्ट्रासही हा विषय परका नाहीं. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेंतील एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या साह्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकीं ती एक. दुधाची प्रत कशी तपासावी, हे तेथले प्रश्न, खेळणीं नव्हेत.

मध्यंतरीं पुण्यांतील एका महाविद्यालयांत अशीच दोन दिवसांची कार्यशाळा आम्हीं बसून पाहिली. एक मुलगी आजोबांसाठीं दिवा करीत होती. म्हातारे रात्रीं उठत, आणि कळ सांपडेपर्यंत अंधारांत चांचपडत. अंधार पडला कीं उशाजवळचा दिवा आपोआप लागावा, एवढीच तिची योजना. उजेड मोजणारा भाग पाटीस शून्यापासून १०२३ पर्यंत आंकडा कळवितो. आंकडा ३०० च्या खालीं गेला तर दिवा लाव, अशी आज्ञा तिनें फळ्यावरून उतरून घेतली. सकाळीं त्या भागावर हात धरतांच दिवा लागे. दुपारीं खिडकीवाटे ऊन आलें, आणि हात धरला तरी दिवा लागेना! तिनें तारा उपसून पुन्हा जोडल्या, पाटी बदलून पाहिली. शिक्षक शेजारीं उभे होते, पण बोलले नाहींत. त्यांचें आम्हांस कौतुक वाटलें. शेवटीं ती पडद्यावर धांवणारे आंकडेच पाहत बसली. कधीं पडदा ओढी, कधीं वही आड धरी. तासाभरानें म्हणाली, "सर, हा आंकडा इथें ठरवून काय उपयोग? तो आजोबांच्या खोलींतच ठरवावा लागेल."

आमच्या मतें सगळ्या फीचा मोबदला त्या एका तासांत मिळाला. मात्र दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं सारें साहित्य मोजून परत घेण्यांत आलें, आणि तो दिवा आजोबांच्या उशाशीं गेलाच नाहीं. व्यवस्थापकांस विचारतां, पाट्या मोजक्याच आहेत, पुढील तुकडीस लागतात, असें उत्तर मिळालें. त्यांची अडचण खरी असेल. तथापि घरांतील मुलांस अशा कार्यशाळेस धाडणाऱ्या वडील मंडळींनीं, केलेली वस्तु घरीं नेतां येते कीं नाहीं, एवढें फी भरण्यापूर्वीं अवश्य विचारून घ्यावें. येत नसेल, तर पाटी आपली आपण विकत घेऊन मुलाबरोबर द्यावी.